न्हाणी वर की खाली?

तीस बाय चाळीसचा प्लॉट, खाली-वर घर आणि टेबलावर पसरलेला नकाशा. स्वयंपाकघर कुठे, देवघर कुठे यावर घरातली माणसं तासभर बोलतात. बाथरूमची पाळी आली की दोन वाक्यांत निकाल लागतो. ‘वर नको, गळतं’ किंवा ‘खाली नको, आल्यागेल्यासमोर बरं दिसत नाही’. बांधकामावर देखरेख करताना ही वाक्यं मी इतकी वर्षं ऐकतो आहे, आणि त्यांच्यापायी पुढे झालेले हालही पाहतो आहे.

वरचं बाथरूम गळतंच, हा यातला सगळ्यात घट्ट बसलेला समज. गळतं हे खरं, पण दोष उंचीचा नसतो. वरच्या बाथरूमसाठी तेवढ्या जागेत स्लॅब नऊ इंच ते फूटभर खाली सोडतात. साइटवर त्याला ‘संकन’ म्हणतात. त्या खड्ड्यातून पाइप फिरवायचे, विटांचे तुकडे भरायचे आणि वर फरशी बसवायची, अशी सर्रास पद्धत. पाणी झिरपतं ते पाइप जिथे भिंतीतून किंवा स्लॅबमधून आरपार जातो तिथे, नहाणी ट्रॅपच्या कडेने, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात. म्हणजे दोष सांध्यांचा. संकनला आतून वॉटरप्रूफिंग केलं की भराव टाकण्याआधी त्यात 48 तास पाणी साठवून ठेवावं आणि खालच्या खोलीत उभं राहून छत निरखावं. ओल दिसली तर त्याच वेळी दुरुस्ती होते. घाईच्या कामात हेच दोन दिवस वाचवले जातात आणि मग पुढे कित्येक पावसाळे हॉलच्या छताचे पोपडे पडत राहतात. संकनच्या तळाशी एक बारीक निचरा नळी ठेवून ती डक्टमध्ये काढली, तर फरशीखाली उतरलेलं थोडंफार पाणीही बाहेर जातं.

मग खालचं बाथरूम गळत नाही का? गळतं. फक्त ते पाणी जमिनीत जातं, म्हणून दिसत नाही. मला ही गळती जास्त काळजीची वाटते. आपल्याकडे बऱ्याच भागात घर काळ्या मातीवर उभं असतं. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. जोत्याखाली एखादा सांधा वर्षानुवर्षं ठिबकत राहिला, तर घराचा तेवढाच कोपरा उचलला जातो आणि भिंतीला तिरकी भेग पडते. लोक गवंड्याला बोलावून भेग बुजवतात; ती पुन्हा उघडते. वरची गळती निदान छतावर डाग पाडून सांगते तरी.

‘वरच्या मजल्यावर पाणी जोरात येतं, टाकी जवळ असते ना!’ हे तर अगदी उलटं आहे. दाब टाकीच्या जवळिकीवर ठरत नाही, टाकी नळापेक्षा किती उंच आहे यावर ठरतो. टाकीचा तळ गच्चीपासून 1 मीटर वर, मजल्याची उंची 3 मीटर आणि शॉवर जमिनीपासून 2 मीटरवर धरला, तर वरच्या शॉवरला जेमतेम 2 मीटर उंचीचा दाब मिळतो आणि खालच्याला 5 मीटरचा. 10 मीटरला साधारण 1 किलो या हिशेबाने हे झालं पाव किलोपेक्षा कमी आणि अर्धा किलो. म्हणून वर शॉवर ठिबकतो आणि गॅस गीझर पेटायला कुरकुरतो. टाकीचा चबुतरा उंच करणं किंवा छोटा प्रेशर पंप बसवणं हे त्यावरचे उपाय आहेत. जाड पाइप आणि कमी वळणं यांनी वाटेतली घट कमी होते, मूळ दाब वाढत नाही.

गरम पाण्याचा हिशेब मात्र वरच्या बाजूने आहे. सोलर गच्चीवर असतो. 20 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या 15 मीटर पाइपात साडेचार लिटरहून जास्त पाणी मावतं. ते थंड पाणी बाहेर गेल्याशिवाय खालच्या नळाला ऊन पाणी लागत नाही. चार माणसांच्या आंघोळींना मध्ये मध्ये वेळ गेला, तर रोज बादलीभर पाणी असंच जातं. खाली ते बादलीत धरून फरशी पुसायला ठेवण्याची सवय चांगली.

‘संडास घरातच नको, वास येतो’ या समजाला खरा इतिहास आहे. टोपलीचे संडास होते तेव्हा ते परसात, लांब ठेवणं भागच होतं, आणि ती मैल्याची टोपली डोक्यावरून वाहण्याचं काम माणसांवर जातीने लादलेलं होतं. 1993 आणि 2013 च्या कायद्यांनी त्या प्रथेवर बंदी आणली. आजच्या संडासात वास अडवतं ते ट्रॅपमध्ये साठून राहिलेलं दोन इंच पाणी. ते आटलं की वास येतो, मग बाथरूम वर असो वा खाली. महिनाभर बंद असलेल्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये घाण वास सुटला तर आधी नहाणीत तांब्याभर पाणी ओतून पाहावं.

तळमजल्याला एक धोका खराच आहे. मोठ्या पावसात गटार तुंबलं की मैलापाणी उलटं फिरतं आणि जी पातळी सगळ्यात खाली तिथून वर येतं. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. अशा वेळी तळमजल्याच्या ट्रॅपवर विसंबता येत नाही. रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत जातात तसं जुन्या घरांचं जोतं रस्त्यापेक्षा खाली जातं, हेही त्यात आलं. खालच्या संडासाची लाइन वरच्या पाइपला न जोडता थेट चेंबरला न्यावी, आणि सखल भागात उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा.

जुन्या घरात वर नवीन बाथरूम काढणारे विचारतात, भरलेल्या बादल्यांचा भार स्लॅब सोसेल ना? बादल्यांची चिंता नको, भरावाची करावी. पाच बाय आठ फुटांच्या बाथरूममध्ये फूटभर विटांचे तुकडे भरले तर सुमारे 2 टन वजन होतं. हलका भराव घ्यावा, किंवा भिंतीला टांगलेला कमोड बसवून पाइप मागच्या डक्टमध्ये काढावा. मग भराव फारसा लागतच नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हे काम करू नये.

तेव्हा वर की खाली? एकच होणार असेल तर मी निःशंकपणे खाली सांगतो, आणि त्याला लागून झोपण्याजोगी एक खोली. दोन होणार असतील तर एकावर एक, म्हणजे पाइप सरळ उतरतात आणि स्वयंपाकघर किंवा देवघर बाथरूमखाली येत नाही. घर बांधणारा तेव्हा चाळिशीत असतो, जिना दोन ढांगांत चढतो. आजारपण, गुडघ्याचं ऑपरेशन, बाळंतपण, घरी राहायला आलेले वडील, हे सगळं नंतर येतं. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला अर्धवट झोपेत जिना उतरायला लावणं मला पटत नाही.

खाली बाथरूम करताना दार अडीच फुटांचं न ठेवता तीन फुटांचं ठेवा, व्हीलचेअर आत जाईल. उंबरा ठेवू नका, उतार नहाणीकडे द्या. कमोडशेजारच्या भिंतीत पकडायचा दांडा आत्ताच बसवून घ्या. आणि दार बाहेर उघडणारं करा. आत पडलेल्या माणसाचं अंग दाराला टेकलं असेल तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही.