राउटरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर कशासाठी असतो?



उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांतल्या आपल्या बऱ्याच घरांत आता राउटर आहे. ज्यांचे लूम किंवा एम्ब्रॉयडरीचे कारखाने आहेत, त्यांच्याकडे कॅमेरे आणि कॉम्प्युटरही लॅन केबलने जोडलेले असतात. ही केबल जिथे खोचतो, त्या खाचेच्या आत किंवा लगेच मागे एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचे काम आज समजून घेऊ.

प्रत्येक इमारतीचे अर्थिंग वेगळे असते. घराचे आणि समोरच्या कारखान्याचे अर्थिंग दोन्ही ‘शून्य’ मानले, तरी त्यांच्यात काही व्होल्टचा फरक असू शकतो. कुठे वीजगळती असेल, तर तो आणखी वाढतो. अशी दोन ठिकाणे तांब्याच्या तारेने थेट जोडली, तर तारेतून नको तो प्रवाह वाहतो. माहिती बिघडते, कधी चिपही जळते.

म्हणून हा ट्रान्सफॉर्मर. फेराइटच्या लहानशा कड्यावर तारेची दोन वेटोळी असतात, पण ती एकमेकांना जोडलेली नसतात. माहिती चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, अर्थिंगमधल्या फरकाला मात्र वाट मिळत नाही. इथरनेटच्या मानकाप्रमाणे हा अडसर १५०० व्होल्ट एसी एक मिनिट सोसेल असा असावा लागतो.

दुसरा फायदाही आहे. केबलमधल्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात. माहिती म्हणजे जोडीतल्या दोन तारांमधला फरक. शेजारच्या मोटरीचा गोंधळ दोन्ही तारांवर जवळपास सारखाच येतो, त्यामुळे तो बहुतांशी पलीकडे पोचत नाही.

पण त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नये. वीज कडाडते तेव्हा व्होल्टेज या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. दोन इमारतींमध्ये फायबर केबल टाकणे उत्तम, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. धातूचे आवरण असलेली केबल दोन्ही टोकांना अर्थ केली, तर ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून प्रवाह त्या आवरणातूनच वाहतो. आणि केबलचे वेष्टन सोलून आतली तार वीजवाहिनीला टेकली, तर तिला हात लावणाऱ्याला हा ट्रान्सफॉर्मर वाचवू शकत नाही.

म्हणून पावसाळ्यात आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्याआधी, राउटरचा प्लग आणि बाहेरून येणारी लॅन केबल दोन्ही काढून ठेवा. गणपतीच्या मंडपात कॅमेऱ्याची केबल लाइटच्या वायरसोबत एकत्र बांधू नका. तिथे आपली लहान मुले वावरत असतात. मंडपाचे अर्थिंग जाणकार वायरमनकडून आधीच तपासून घेऊया.