राबणारी हाडं ठिसूळ का होतात?

"ताई, दिवसभर पाणी भरते, धुणं-भांडी करते, शेतावर खेपा घालते. अजून कसला व्यायाम करायचा? आणि एवढं राबूनही डॉक्टर म्हणतात, हाडं ठिसूळ झालीत!" आरोग्याचा विषय निघाला की बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुधा पंचेचाळिशीच्या आसपासची असते. प्रश्न अगदी रास्त आहे. जड काम करणाऱ्याची हाडं बळकट असायला हवीत ना? मग घोडं अडतं कुठे?

मैत्रिणींनो, यासाठी आधी हाडाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. आपल्याला वाटतं, हाड म्हणजे घराचा वासा. एकदा बसवला की काम झालं. पण हाड जिवंत असतं. त्यात रोज थोडं पाडकाम आणि थोडं बांधकाम चालू असतं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. नवं हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे आपले गवंडीच. आणि या दोघांवर नजर ठेवणारा मुकादम म्हणजे ऑस्टिओसाइट. हाडातल्या शंभर पेशींपैकी नव्वदहून जास्त पेशी याच असतात. त्या हाडाच्या आत, इवल्याशा पोकळीत बसलेल्या असतात आणि बारीक धाग्यांसारख्या फाट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात.

आपण चाललो, उडी मारली, वजन उचललं की हाड किंचित वाकतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं किंचित. त्या वाकण्यानं आतल्या नळ्यांमधलं पाणी हलतं आणि मुकादमाला कळतं, इथे भार आलाय. मग तो गवंड्यांना निरोप धाडतो, की इथे भिंत जाड करा. जिथे भार येत नाही तिथलं सामान काढून न्या, असंही तोच सांगतो. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हे जर्मन सर्जन ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, ते यामुळेच. उलट अंतराळवीरांचं पाहा. तिथे शरीराला वजनच जाणवत नाही, त्यामुळे खुब्याच्या भागातलं हाड महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्यानं घटतं.

आता यात बाईचं वेगळं काय? तर इस्ट्रोजेन. हे संप्रेरक फक्त पाळीपुरतं आणि बाळंतपणापुरतं असतं, असा आपला समज. पण पाळी गेल्यावर हाडं झिजतात, हा संबंध अमेरिकेतले डॉक्टर फुलर अल्ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्येच दाखवून दिला होता. इस्ट्रोजेन पाडणाऱ्या पेशींना लगाम घालतं. ते कमी झालं की लगाम सुटतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगानं होते. काहीजणींचं तर या काळात वीस टक्क्यांपर्यंत हाड कमी होतं.

पण गोष्ट इथेच संपत नाही. इस्ट्रोजेन ज्या 'कुलपात' किल्लीसारखं बसतं, ते कुलूप हाडांच्या पेशींमध्येही असतं. लंडनमध्ये लान्स लॅनियन यांच्या गटानं २००३ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या माद्यांमध्ये हे कुलूपच नव्हतं, त्यांच्या हाडाला भार दिला तरी नवं हाड फारच कमी तयार झालं. म्हणजे भाराचा निरोप पुढे पोचवायला हे कुलूप लागतं. आणि इस्ट्रोजेन ओसरलं की त्या कुलपांची संख्याही घटते, असं या संशोधकांचं म्हणणं. दुसरं असं, की मुकादम पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं एक प्रोटीन सोडतात. ते गवंड्यांचे हात बांधून ठेवतं. हाडावर भार पडला की ते कमी होतं, इस्ट्रोजेन असलं तरी कमी होतं. पाळी गेल्यावर ते वाढतं. (याच प्रोटीनला अडवणारं एक इंजेक्शन २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.) प्राण्यांवरच्या सगळ्या प्रयोगांचे निकाल तंतोतंत सारखे नाहीत, हेही सांगायला हवं. पण मुद्दा साधारण असा, की मुकादमाला ऐकू कमी येऊ लागतं. पूर्वी जेवढ्या हाकेला तो उठायचा, तेवढ्याला आता उठत नाही.

आता घरकामाकडे वळू. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन यांनी पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर केलेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. दिवसाला फक्त ३६ वेळा भार दिला तरी हाड वाढलं. तोच भार १८०० वेळा दिला, तर त्याहून जास्त काही वाढलं नाही! याचा अर्थ, तेच ते काम तासन्‌तास केलं की हाडाला त्याची सवय होते. थोडं पण दमदार, नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी झालं तरच हाड दखल घेतं. आपलं घरकाम वीस वर्षं त्याच पद्धतीनं चाललेलं असतं. त्यानं कंबर मोडते, दम निघतो, पण हाडाला त्यात नवं काहीच मिळत नाही. तेव्हा 'एवढं काम करते, व्यायाम कशाला' हा हिशोब हाडांना लागू पडत नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ऊसतोड करणाऱ्या बायांची. डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणाऱ्या या बाया. भार म्हणाल तर त्यांच्याइतका कुणी उचलत नाही. पण २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी आकडेवारी आली, ती काय सांगते? बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यात ऐन उमेदीतल्या कितीतरी. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात आटतं. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचा काळ काही वर्षं अलीकडे येऊ शकतो. म्हणजे मोळी तेवढीच जड, आणि ती पेलणारं हाड मात्र दिवसेंदिवस पोकळ. तिशीत पिशवी काढलेली बाई पन्नाशीत पडली आणि खुबा मोडला, तर तिचं घर कोण चालवणार? 'पिशवी काढली की कटकट गेली' असं सहज म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

म्हणून आपल्या जवळच्या कुणाला पिशवी काढायला सांगितलं, तर दोन प्रश्न जरूर विचारायला लावा. "दुसरा काही उपाय आहे का?" आणि "बीजकोश ठेवणार की काढणार?" जमल्यास दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. हे प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.

मग पाळी गेली म्हणजे सगळं संपलं का? मुळीच नाही. मुकादमाला कमी ऐकू येतं, पण तो बहिरा होत नाही. हाक जरा मोठी द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, अठ्ठावन्न वर्षांपुढच्या १०१ बायकांवर एक अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकारांच्या देखरेखीखाली वजन उचलणं आणि उडीचे व्यायाम. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडाची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची मात्र १.२ टक्क्यांनी घटली.

आपल्या गावात जिम नसेल तरी हरकत नाही. भिंतीला धरून टाचा उचलायच्या आणि जमिनीवर टेकवायच्या. खुर्चीवरून हात न लावता उठायचं-बसायचं. जिने चढायचे. पाण्यानं भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायच्या आणि दर आठवड्याला थोडं वजन वाढवायचं. आपले झिम्मा-फुगडीसारखे मंगळागौरीचे खेळ आठवा! उड्या, गिरक्या, दिशा बदलणं, हाडाला हवं ते सगळं त्यात आहे. मात्र ज्यांचं हाड आधी मोडलंय, पाठीला पोक आलंय किंवा गुडघे फार दुखतात, त्यांनी उड्या आणि पुढे वाकण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

बांधकामाला सामानही लागतं. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआर सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम असतं, तिळात तर कितीतरी जास्त. दूध-ताक, डाळी-उसळी आणि अंगावर थोडं ऊन यांनाही पर्याय नाही. लवकर पाळी गेलेल्या, बीजकोश काढलेल्या किंवा साध्या पडण्यानं हाड मोडलेल्या मैत्रिणींनी डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. ठिसूळपणा दुखत नाही. हाड मोडतं तेव्हाच तो कळतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्या हाडांना आधार देतात, पण त्यांचे धोकेही आहेत, तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका.

आणि शेवटचं, आपल्या लेकींबद्दल. टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या मुलींच्या १९९५ मधल्या अभ्यासात दिसलं, की पाळी येण्याआधी किंवा येताना खेळायला लागलेल्या मुलींच्या हाडांना, नंतर सुरुवात केलेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट फायदा झाला. आणि आपण नेमकं त्याच वयात म्हणतो, "मोठी झालीस आता, उड्या मारणं बंद कर." पन्नाशीनंतर जे हाड खर्च होणार आहे, त्याची शिल्लक याच वयात पडते. तेव्हा तिच्या हातातली दोरी काढून घेऊ नका. जमलं तर तुम्हीही चार उड्या मारून बघा.