हिवाळ्याचा छंद : अणशीच्या रानातील वही

दिवाळीचा फराळ संपतो, मार्गशीर्षाची थंडी अंगणात उतरते, आणि घरातील पाच-सहा वर्षांच्या मुलाला कशात गुंतवावे हा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मूल शाळेत कन्नड वा इंग्रजीत शिकते, त्याच भाषांत खेळते; घरची मराठी त्याच्या वाट्याला येते ती ‘हात धू’, ‘जेवायला बस’ एवढीच. आज्ञेपुरती उरलेली भाषा मुलाला आपली कशी वाटावी? तिला आनंदाचा विषय हवा. हुबळी-धारवाड, बेळगाव, कारवार येथील कुटुंबांना तो अणशीच्या रानात सापडेल, असे आम्हांस वाटते.

जोयडा तालुक्यातील हे गाव घाट उतरून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भोवतालचे अरण्य १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २००७ साली दांडेली अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ पासून तो काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. लहान मुलाला मात्र वाघाची आशा लावून येथे आणू नये. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसलेले मूल पायाशी पडलेले पानही पाहत नाही.

ते पान मुलाने उचलून खिशात घातले, तर समजावून परत ठेवायला लावावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून परवान्यावाचून काही नेता येत नाही. मग घरी नेण्यासारखे उरते ते चित्र आणि नाव. म्हणून कोऱ्या पानांची वही, पेन्सिल आणि मेणाचे रंगीत खडू एवढे सामान सोबत असावे. चित्र मुलाने काढावे. खाली मराठी नाव लिहावे, शेजारी कन्नड.

आरंभ ऐनापासून करावा. याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली असते. रस्त्याकडेच्या एखाद्या ऐनाच्या खोडावर कागद धरून खडू आडवा हलकेच घासला की ती नक्षी कागदावर उमटते. झाडाला इजा होत नाही. कन्नडात ऐन म्हणजे ‘मत्ति’, साग म्हणजे ‘तेग’, जांभा म्हणजे ‘जंबे’. मराठीत जांभा हे झाडाचेही नाव आणि कोकणातल्या तांबड्या दगडाचेही, हे कळले की मुलांना फार गंमत वाटते.

मान वर केली की उंच फांद्यांवर काटक्या-पानांचे गोल घरटे दिसेल. ते शेकरूचे. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. महाराष्ट्र न पाहिलेल्या मुलाला तो कर्नाटकच्या रानात भेटतो. परतताना शेताकडेच्या तारेवर निळ्या पंखांचा चास दिसला, तर तो कर्नाटकचा राज्यपक्षी. दोघांना एकाच पानावर जागा द्यावी.

धनेशाच्या, म्हणजे ‘मंगट्टे’च्या, पंखांचा घोंघाट पक्षी दिसण्याआधीच ऐकू येतो. हिवाळा सरता सरता मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेऊन एक अरुंद फट तेवढी ठेवते. पिले मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून चारा भरवतो. अशा ढोलीजवळ कधीही रेंगाळू नये. नर बिचकला तर आतली माय-लेकरे उपाशी राहतात. घरी मात्र याचा सुंदर खेळ होतो. मोठ्या खोक्याला फट पाडावी, मुलाने आत बसावे, वडिलांनी धनेश होऊन संत्र्याची एकेक फोड आत द्यावी. प्रत्येक फोडीला आतून एक नाव आले पाहिजे!

संध्याकाळची मौज गावात. जोयडा भागातील कुणबी परसात नाना जातींचे कंद लावतात. थंडीत वेल वाळले की ते खणून काढायचे दिवस येतात. परिचित घरी उतरला असाल तर अंगणातल्या शेकोटीभोवती उकडलेली गरम कणगी मीठ लावून खावी आणि यजमानांना कंदांची नावे विचारावी. सुरणाला कन्नडात ‘सुवर्णगड्डे’, रताळ्याला ‘गेणसु’; यजमानांच्या बोलीतली नावे तिसऱ्या रकान्यात लिहावी.

दोन-तीन भाषांनी मुलाचा गोंधळ होईल, अशी शंका काही पालक घेतात. त्यांनी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे उदाहरण पाहावे. सोलापुरातील तेलुगू भाषक घरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने रानात राहणाऱ्यांच्या तोंडची नावे आयुष्यभर गोळा केली, मराठीला ‘पक्षिकोश’ दिला, आणि २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. घरची भाषा वेगळी होती. शब्दांची आवड मात्र अस्सल होती.

वही भरताना एक पथ्य पाळावे. एखाद्या झाडाचे, पाखराचे मराठी नाव आपल्यालाही ठाऊक नसेल, तर तिथे इंग्रजी नाव लिहून मोकळे होऊ नये. जागा कोरी ठेवावी. घरी आल्यावर मुलाने ते पान आजोबा-आजींपुढे न्यावे. त्यांनाही आठवले नाही तर गावच्या आत्याला, मामाला मुलाच्याच हातचे पत्र जाऊ द्यावे. कोरी जागा भरेपर्यंत घरात मराठी बोलायला एक चांगले निमित्त राहील.