चमच्यावर थांबेल अशी पेज



नाताळात आपण पाठविलेल्या खोक्यांतील कपडे व चादरी घरोघर पोचल्या. दुधाच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे मात्र मी वाटले नाहीत. काहींनी त्याचे कारण विचारले, म्हणून हे लिहिते.

मोखाडा तालुक्यातील आमच्या पाड्यांवर बाळे अंगावर पितात आणि पहिले सहा महिने चांगले बाळसे धरतात. तोवर आईचे दूध पुरते, वरचे पाणीही लागत नाही. नंतर मात्र जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो आणि नुसत्या दुधाने भागत नाही. दूध दोन वर्षे व पुढेही पाजायचेच, पण जोडीला अन्न हवे. इथेच घोडे पेंड खाते. "दात नाहीत, खाईल कशाने, ताई?" असे आज्या विचारतात. मऊ शिजवलेले अन्न बाळ हिरड्यांनीही खाते, हे त्यांना भरवूनच दाखवावे लागते.

कामाच्या पहिल्या वर्षांत मी एवढेच सांगत असे : सहा महिने झाले, आता पेज द्या. एका मुलीला आठवा महिना लागला तरी वजनकाटा हलेना. आई म्हणे, दिवसातून तीनदा पेज देते. मला ते खरे वाटत नव्हते. शेवटी मी जेवणाच्या वेळीच घरी गेले. वाटीत भाताचे पाणी होते आणि तळाशी चार शिते. शेतावरून आल्यावर मोठी माणसे पितात तीच ही पेज. आईने मी सांगितले तेच केले होते. किती दाट, हे मी कधी सांगितलेच नव्हते.

बाळाच्या पोटात दर किलो वजनामागे सुमारे ३० मिलिलीटर मावते. सात किलोच्या बाळाला एका वेळी जेमतेम एक मोठा कपभर. तेवढे पाण्याने भरले की बाळ गप्प झोपते आणि आईला वाटते, जेवले. म्हणून पेज चमचा तिरका केला तरी घरंगळू नये इतकी दाट हवी.

यावर उपाय आमच्याच घरांत आहे. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात वाळवून दळायचे. मोड आलेल्या दाण्यातील पाचक द्रव्यामुळे पेज फार चिकट होत नाही, आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. दाणे फार भाजले तर हा गुण जातो. त्यात मुगाची किंवा उडदाची डाळ, वर चमचाभर खुरासणीचे तेल. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. जुलाब झाले तरी अन्न बंद करायचे नाही. अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत सातव्या महिन्यापासून अंडे किंवा केळे मिळते, पण ते बहुधा थोरल्या भावाच्या पोटात जाते! कुस्करून बाळाला भरवले, तर फार उपयोगी.

त्या मुलीचा काटा दीड महिन्याने हलला.

आता बाटल्यांविषयी. विहिरीवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या घरात बाटलीचे बूच रोज कोण उकळणार? त्यातूनच जुलाब लागतात. शिवाय १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्या अशा वाटायला मनाईच आहे. बिस्किटाने भूक मरते, पोषण होत नाही.

दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. आई पहाटेपासून कामावर, बाळ सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तिला चूल पेटवता येत नाही. यंदा निघण्यापूर्वी प्रत्येक बाळामागे नाचणीच्या सत्त्वाची पिशवी द्यावी आणि पहाटेच दाट पेज शिजवून झाकून ठेवायला आयांना शिकवावे, असा विचार आहे. दुपारपर्यंतच ती द्यायची, उरलेली टाकायची. खोक्यांऐवजी आपण नाचणीचा खर्च आणि स्टीलच्या लहान वाट्या-चमचे पाठवावेत. दसऱ्यापूर्वी पोचले, तर दळून ठेवता येईल.