माहिती चौकट : राजाच्या नावाचा शक

शक म्हणजे वर्षे मोजण्याचा आरंभबिंदू. शालिवाहन शक इ.स. 78 पासून अखंड चालू आहे. राजाने सुरू केलेले शक मात्र बहुधा राज्यासोबत मावळले.

चालुक्य विक्रम शक : आरंभ 1076. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याने (राज्यकाळ 1076–1126) शालिवाहन शकाऐवजी चालवला. सनासाठी 1075 मिळवा. त्याच्या मृत्यूनंतर वापर ओसरला. बिल्हणाच्या काव्यानुसार त्याची राणी चंद्रलेखा कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातली.

शिलाहारांचे लेख : कागल तालुक्यात बामणीचा शिलालेख आहे. विजयादित्य शिलाहाराच्या या लेखावर शके 1073 आणि प्रमोद संवत्सर अशी दुहेरी नोंद आहे. संवत्सराची नावे 60 असून ती पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे नुसत्या नावावरून सन ठरत नाही. शकाचा आकडा हवाच.

राज्याभिषेक शक : आरंभ ज्येष्ठ शुद्ध 13, शके 1596, आनंद संवत्सर (6 जून 1674). वर्ष पाडव्याला नव्हे, याच तिथीला बदलते. डिसेंबरपर्यंत 1673 मिळवा, जानेवारीपासून 1674. हा फरक विसरला तर पत्राची तारीख वर्षभराने चुकते. सातारा आणि कोल्हापूर, दोन्ही छत्रपतींच्या पत्रांत हा शक येतो.

जपानमध्येही सम्राटाच्या कालनामाने वर्षे मोजतात, पण पूर्वी एकाच सम्राटाच्या काळात शुभाशुभ घटनांवरून कालनाम बदलत असे. रियाकुनिन (1238–39) जेमतेम अडीच महिने टिकले. एक सम्राट, एक कालनाम हा नियम 1868 पासूनचा.