सुतावरून गणित

प्राथमिक शाळेत विषयांचे कप्पे न पाडता एखादे काम मधोमध ठेवावे आणि त्याभोवती भाषा, गणित, भूगोल गुंफावेत, असे हल्ली पुष्कळ ऐकू येते. ही कल्पना परदेशातून नुकतीच आली, असा कित्येकांचा समज आहे. तो खरा नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना आखली. तीच नई तालीम. त्यातल्या गुंफणीला शिक्षक मंडळी समवाय म्हणत.

समवाय म्हणजे काय, हे टकळीवरूनच पाहू. मूल सूत कातते. ४ फुटांची एक तार, १६० तारांची लटी, ४ लट्यांची गुंडी. मग गुंडीत सूत किती? तारा ६४०, फूट २५६०, म्हणजे ८५३ वार आणि वर १ फूट. गुणाकार झाला, भागाकार झाला, बाकी उरली. आणि उत्तर पडताळायला सूत हातातच आहे. पुढे नंबर. एका पौंडात ८४० वारांच्या २० आट्या बसल्या तर सूत २० नंबरी. ४० बसल्या तर ४० नंबरी. नंबर चढला की सूत बारीक. व्यस्त प्रमाण फळ्यावर मोठ्या मुलांनाही घाम फोडते, पण बोटांना ते चटकन कळते. मी स्वतः टक्केवारी शिकलो ती महागाई भत्त्याच्या हिशेबावर!

पुढे पुढे मात्र काही शिक्षक कविता टकळीला कशी जोडावी म्हणून डोके खाजवीत बसले. हा दोष योजनेचा नव्हे. समितीने हस्तोद्योगाबरोबर निसर्ग आणि समाज अशी आणखी दोन केंद्रे सांगितली होती.

खरी अडचण निराळी. साडेपाच तासांच्या शाळेत उद्योगाला ३ तास २० मिनिटे होती, मातृभाषेला ४० मिनिटे. आणि मुलांच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी अपेक्षा. प्रा. के. टी. शहांनी तिला विरोध केला. खुद्द झाकिर हुसेन यांनीही परिषदेत बजावले, की स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमावर जगणारे मुकादम बनतील. मजुरीची पत्रके तपासण्यात माझा जन्म गेला, म्हणून हे मला विशेष पटते. मुलाने काढलेल्या तारांची वही शाळेत गणिताची असते. विक्रीची सक्ती आली की तीच अंगावरच्या कामाची हजेरी होते. चांगले कातणाऱ्या पोराला मग कातायलाच बसवतात. बागेत किंवा स्वयंपाकघरात त्याला कोण पाठवणार?

सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून पुन्हा चालू आहे. आपल्या गावच्या शाळेत टकळीच हवी असे नाही. गळका नळ, भाजीबाजार, वाफ्यातली मेथी, काहीही चालेल. पालकांनी एवढेच पाहावे, की काम बिघडते तेव्हा काय होते. कारखान्यात धागा तुटला की पगार कापतात. शाळेत तिथेच धडा सुरू व्हायला हवा: पेळू ओबडधोबड होता का, पीळ कमी पडला का, की हात घाईने ओढला गेला? त्याला तास मोडला तरी चालेल, सूत त्या दिवशी अर्धेच निघाले तरी चालेल.