स्वनामाचा प्रश्न : ‘दलित साहित्य’ या संज्ञेचा विचार

वाङ्मयप्रवाहांची नावे बहुधा मागाहून पडतात. ‘संतकाव्य’, ‘पंडिती काव्य’, ‘शाहिरी काव्य’ ही नावे त्या त्या कवींनी धारण केलेली नाहीत. इतिहासकारांनी सोयीसाठी केलेली ती वर्गवारी आहे. मोरोपंतांना आपण ‘पंडित कवी’ या गटात मोडतो याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. याउलट ‘वारकरी’ हे नाव आचरणातून आलेले आहे: जो वारी करतो तो वारकरी. त्याविषयी वाद उद्भवण्यास जागाच नाही. परंतु एखाद्या समूहाला इतरांनी दिलेली नावे नाकारून स्वतःचे नाव स्वतः निवडावयाचे असते, तेव्हा नामकरण ही केवळ सोयीची बाब उरत नाही. ‘दलित साहित्य’ ही संज्ञा या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. कारण ती प्रथम लेखकांनी उच्चारली, समीक्षकांनी नंतर स्वीकारली, आणि तिच्याविषयीचा वाद ज्यांची ती संज्ञा आहे त्यांच्यातच आजही चालू आहे.

या संज्ञेच्या आधीची नावे पाहिली की तिचे प्रयोजन स्पष्ट होते. जोतीराव फुले यांनी ‘शूद्रातिशूद्र’ हा शब्द वापरला. तो वर्णव्यवस्थेच्याच परिभाषेतून घेतलेला होता; मात्र शेतकरी आणि अस्पृश्य यांना एका समासात आणून त्यांनी त्या परिभाषेचा रोख उलटा फिरविला. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे मराठी नाव ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ असे होते. शिंदे यांच्या कार्याची थोरवी वादातीत आहे. तथापि ‘निराश्रित’ या शब्दात आश्रयदात्याची अपेक्षा गृहीत धरलेली आहे, हे नाकारता येत नाही. १९३२ नंतर ‘हरिजन’ हा शब्द देशभर रूढ झाला. गांधीजींचा हेतू या वर्गाला प्रतिष्ठा देण्याचा होता. परंतु ज्यांच्यासाठी हे नाव योजिले त्यांच्यातील मोठ्या वर्गाला ते रुचले नाही. मुंबई विधिमंडळात १९३८ साली एका विधेयकातील ‘हरिजन’ या शब्दाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यांनी विरोध केला, आणि तो मान्य होत नाही असे दिसताच त्यांनी सभात्याग केला. आक्षेपाचा आशय असा की, स्थिती न पालटता नाव तेवढे गोड करणे ही प्रतिष्ठा नव्हे. शिवाय ते नाव निवडताना त्या लोकांना कोणी विचारले नव्हते.

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता नव्हता. बेझवाडा येथे १९१७ साली भाग्यरेड्डी वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ‘पंचम’ परिषदेने ते नाव टाकून ‘आदि-आंध्र’ हे नाव घेतले. तमिळ प्रदेशात ‘आदि-द्रविड’ आणि पंजाबात ‘आद धर्म’ ही नावे याच काळातील होत. या सर्व नावांची दिशा भूतकाळाकडे आहे: आम्ही या भूमीचे मूळचे रहिवासी आहो, असा दावा त्यांत आहे. मराठीत मात्र निराळा मार्ग अवलंबिला गेला.

तो मार्ग डॉ. आंबेडकरांच्या नियतकालिकांच्या नावांत पाहावयास मिळतो: ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६). येथे एक व्याकरणाचा मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. ‘बहिष्कृत’, ‘दलित’ आणि ‘प्रबुद्ध’ ही तिन्ही क्त-प्रत्ययान्त धातुसाधिते आहेत. पण ‘बहिष्कृत’ हे कर्मणी रूप आहे. बहिष्कार घालणारा दुसरा असतो, ज्याच्यावर तो घातला जातो तो केवळ कर्म. ‘प्रबुद्ध’ हे कर्तरी रूप आहे. जो स्वतः जागा झाला तो. ‘बहिष्कृत भारत’ पासून ‘प्रबुद्ध भारत’ पर्यंतचा प्रवास म्हणजे कर्मपदाकडून कर्तृपदाकडे झालेला प्रवास होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

‘दलित’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये उभा आहे. ‘दल्’ या धातूचा अर्थ फुटणे, विदीर्ण होणे. आपले ‘दळणे’ हे क्रियापद त्याच कुळातील; म्हणून मराठी कानाला ‘दलित’ या शब्दात जात्याची घरघर ऐकू येते आणि भरडला गेलेला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. संस्कृत कोशांत मात्र याच शब्दाचा ‘उमललेला’ असाही अर्थ आढळतो. व्युत्पत्तीवरून सिद्धान्त उभारणे धोक्याचे असते. कारण शब्दाचा अर्थ त्याच्या धातूपेक्षा त्याच्या वापरावरच अधिक ठरतो. परंतु ‘दलित’ या शब्दाच्या बाबतीत वापराने जे घडविले ते या दुसऱ्या अर्थाशी जुळते खरे.

१९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णाभाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. त्यानंतर बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. १९७२ सालीच स्थापन झालेल्या संघटनेने ‘दलित पँथर’ हे नाव घेतले. त्यातील पहिले पद जे सोसले त्याचे, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेले दुसरे पद जे करावयाचे त्याचे. ज्याच्यावर अन्याय होतो त्याचे नाव अन्यायाला विरोध करणाराचे नाव बनले. पुढील वर्षी पँथरच्या जाहीरनाम्याने या संज्ञेत अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रिया या सर्वांचा समावेश केला. जातिवाचक शब्दाला अशा रीतीने शोषणवाचक व्याप्ती लाभली.

येथूनच मतभेदास आरंभ झाला, आणि तो क्षुल्लक नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे ज्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांनी जुनी ओळख विचारपूर्वक टाकून दिली होती. त्यांनी स्वतःला पुनश्च ‘दलित’ का म्हणवून घ्यावे? राजा ढाले यांनी ‘फुले-आंबेडकरी’ ही संज्ञा पुरस्कारिली. यशवंत मनोहर यांनी ‘आंबेडकरवादी साहित्य’ या नावाचा आग्रह धरला. ‘बौद्ध साहित्य’ हा पर्यायही पुढे आला. या पक्षाचे म्हणणे असे की, नाव गन्तव्याचे असावे, मागे टाकलेल्या स्थितीचे नसावे. स्थितीवाचक नाव कायम ठेवणे म्हणजे ती स्थिती कायम मानणे होय.

प्रतिपक्षाचे उत्तरही तितकेच सबळ आहे. विचारवाचक नाव घेतले की ज्याने तो विचार स्वीकारलेला नाही परंतु दुःख तेच भोगले आहे, तो लेखक बाहेर राहतो. स्वतः अण्णाभाऊ साठे यांची वैचारिक जडणघडण मार्क्सवादी होती. त्यांना कोठे बसवावयाचे? शिवाय स्थिती नाहीशी होण्यापूर्वी तिचे नाव पुसले, तर ती स्थिती अनामिक होते. आणि अनामिक अन्यायाविषयी तक्रार करणे अधिक कठीण असते. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यानंतर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांचे वर्णन कोणत्या निर्गुण शब्दाने करावयाचे होते? तेथे तर वादाचा विषयच एक नाव होता, आणि त्यापायी माणसे प्राणास मुकली.

२०१८ साली या प्रश्नाला नवे वळण मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरील प्रकरणानंतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खाजगी दूरचित्रवाणी वाहिन्यांना ‘दलित’ हा शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ हा संविधानातील शब्द वापरण्याविषयी सूचना दिली. प्रशासनाला काटेकोर संज्ञा लागते, हे मान्य. पण ‘अनुसूचित’ म्हणजे यादीत घातलेला. हेही कर्मणीच रूप, आणि येथे कर्ता शासन आहे. हक्काच्या नोंदीसाठी तो शब्द अपरिहार्य आहे. ‘अनुसूचित जातींचे साहित्य’ असा शब्दप्रयोग मात्र करून पाहावा. त्यातील विसंगती आपोआप ध्यानात येईल. शासकीय सूची व्यक्तीचा हक्क ठरवू शकते, साहित्याची प्रेरणा ठरवू शकत नाही.

दरम्यान हा मराठी शब्द इतर भाषांनी आपलासा केला. कन्नडमध्ये तो ‘बंडाय’ म्हणजे बंड या शब्दाशी जोडला गेला. तमिळमधील बामा यांचे ‘करुक्कु’ (१९९२), हिंदीतील ओमप्रकाश वाल्मीकि यांचे ‘जूठन’ (१९९७) ही आत्मकथने याच नावाखाली वाचली जातात. प्रत्येक प्रांतात जात निराळी, तिचे स्थानिक नाव निराळे, धर्मांतराचा इतिहासही निराळा. अशा स्थितीत दोन अपरिचित भाषांतील लेखकांना परस्परांची ओळख पटविणारा एक शब्द लाभणे ही सामान्य गोष्ट नाही. ‘आंबेडकरवादी’ ही संज्ञा अधिक काटेकोर असेल. ‘दलित’ ही अधिक विस्तृत आहे. या दोन गुणांपैकी कोणता अधिक हवा, हे प्रसंगानुसार ठरेल.

समीक्षकापुरते बोलावयाचे तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे वाटते. ‘दलित साहित्य’ हे १९५८ नंतरच्या एका वाङ्मयीन चळवळीचे ऐतिहासिक नाव आहे. ते बदलण्याचे कारण नाही. चळवळीने ते स्वतः कमावले आहे. परंतु एखादा लेखक स्वतःला दलित म्हणवितो, बौद्ध म्हणवितो, आंबेडकरवादी म्हणवितो की नुसता लेखक म्हणवितो, हा त्याचा अधिकार आहे. चळवळीचे नाव त्याच्या कपाळी परस्पर चिकटविले, तर ‘हरिजन’ या शब्दाच्या बाबतीत जी चूक झाली तिचीच पुनरावृत्ती घडेल. त्याने ते नाव घेतले असता ‘साहित्याला कसले आले विशेषण’ म्हणून ते पुसू पाहणे, हीसुद्धा तीच चूक. दोन्ही प्रकारांत त्याला विचारलेले नसते. १९३८ साली सभागृहाबाहेर पडलेल्या सभासदांची मागणी याहून फारशी निराळी नव्हती.